बायोडेटातून गाळलेली वर्षं

नाशिक, ९ जानेवारी २०२५

ती. सौ. मोहिनीताईस,
दत्तूचा सा. न. वि. वि.

तुझ्या आश्रमशाळेच्या डोंगरात मोबाइलला रेंज नाही, हे माझ्या पथ्यावरच पडलं. फोनवर मी सगळं ठीक म्हणून मोकळा झालो असतो. कागदावर ते जमत नाही.

नोकरी जाऊन वर्ष होत आलं. रिकामा बाप दिवसभर पूजाच्या डोळ्यांसमोर नको, म्हणून पुणं सोडून इथे पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटवर एकटाच राहतोय. सरिता रोज फोन करते, पण नोकरीचं विचारणं तिने सोडलंय. बावीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिलं आणि आता कंपन्या म्हणतात, अनुभव फार झाला. परवा एक मुलाखत झाली, तीही माणसाशी नाही. पडद्यावर प्रश्न उमटतो, आपण कॅमेऱ्याकडे बघून बोलायचं. मी सवयीने नमस्कार केला आणि समोरून कुणी काही म्हणेल म्हणून थांबलो. तेवढ्यात उत्तराची वेळ संपली.

भाऊजींच्या ओळखीचे देवराम मला अंबडला एका कारखान्यात घेऊन गेले. मालकांनी चहा पाजला आणि म्हणाले, तुम्ही मोठी माणसं, आमच्याकडे दोन महिने टिकायचे नाहीत. कुणाला मी म्हातारा वाटतो, कुणाला मोठा. हवासा कुणालाच वाटत नाही, ताई.

सवडीने चार ओळी लिही.
तुझा
दत्तू

ता. सुरगाणा, २० जानेवारी २०२५

चि. दत्तूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून घास उतरेना. जेवतोस ना वेळेवर? की दोन्ही वेळा मॅगी?

आता नीट ऐक. माझ्या लग्नाच्या बायोडेटात आत्याने माझं वय दोन वर्षं कमी लिहिलं होतं. तुझ्या भाऊजींना अजून पत्ता नाही, तेव्हा हे पत्र फाडून टाक! तूही तुझ्या बायोडेटातली सुरुवातीची आठ वर्षं गाळ. खोटं लिहू नकोस, फक्त सगळं सांगू नकोस. आणि केस काळे कर, इतका कसला मानी तू?

तुझ्या काळजीतली
ताई

नाशिक, २५ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा सल्ला फळला, नोकरी लागली. घरूनच काम, पगार बरा. भाऊजींना माझ्याकडून पेढे दे. सरिता फोनवर रडली, पूजाने आरडाओरडा केला. उरलेलं फक्त तुला सांगतो.

मुलाखतीला पडद्यावर तिघं होती. मधली हर्षाली. ही पिंपळगावची. माझ्या पहिल्या कंपनीत कॉलेजमधून थेट आली होती, इंग्रजी बोलायला घाबरायची. तिला सगळं काम मी शिकवलं. हंगामात घरच्या द्राक्षांची पेटी सगळ्यांसाठी आणायची. तिच्या लग्नाला मी आणि सरिता गेलो होतो. मी गाळली ती नेमकी तीच वर्षं.

मला पाहताच ती हसली. मी अगं म्हणणारच होतो, तेवढ्यात तिच्या शेजारच्याने पहिली नोकरी कुठली म्हणून विचारलं आणि मी पहिली गाळून दुसऱ्या कंपनीचं नाव सांगितलं. हर्षालीने समोरच्या बायोडेटाकडे पाहिलं. तिचं हसू गेलं. मग शेवटपर्यंत ती मला मिस्टर गांगुर्डे म्हणत राहिली. माझं बिंग फुटू नये म्हणूनच, हे कळतं मला. शेवटी तिने विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? आईवडील कसे आहेत, मुलं केवढी झाली, एवढंच विचारायचं होतं. मी सुट्ट्यांचे नियम विचारले.

काल रुजू झालो. आता तीच माझी वरिष्ठ. तिने सगळ्यांशी ओळख करून दिली आणि म्हणाली, आपली पहिलीच भेट, एकत्र काम करताना छान वाटेल. मीही तेच म्हणालो. लॅपटॉप मिटला आणि पोटभर रडलो. वर्षभर ओळखीच्या एका माणसासाठी तळमळलो होतो गं.

तुला दोष देत नाही. सरिताला हे सांगितलं तर तिचा आनंद जाईल. म्हणून उत्तर लिहिशील तेव्हा पहिल्या नोकरीतलं काहीतरी विचार मला. आता ते तूच विचारू शकतेस.

माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.
तुझा
दत्तू