दुपारी दोन ते तीन

जालना,
रविवार, ९ मार्च २०२५

चि. सत्यशीला हिस,
कचरूदादाचा प्रभूमध्ये सलाम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन का करत नाही म्हणून रागावलीस. फोनवर मी बोलतो आणि तू नुसती हं हं करतेस, ही तक्रार तुझीच. म्हणून पत्र. यात तुझी पाळी आली की तू बोल, मला मध्ये तोंड घालता येणार नाही.

माझ्या हातून एक घोळ झाला आहे. तू लग्न होऊन परतूरला गेलीस तेव्हा आपल्या मंडळीत साखळी-प्रार्थना नव्हती, म्हणून आधी ती सांगतो. राखेच्या बुधवारपासून उत्तम शुक्रवारपर्यंत, म्हणजे उपवासकाळभर, रोज सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा माणसं जिथे असतील तिथे एकेक तास प्रार्थनेला बसतात. आपला तास संपला की पुढच्याला मिस्ड कॉल द्यायचा, आणि पोचला म्हणून त्याने उलटा मिस्ड कॉल द्यायचा. साखळी तुटता कामा नये. नियम माझा, तक्ता माझ्या अक्षरातला, आणि मोडणाऱ्याला मी व्यासपीठावरून कधी सोडलेलं नाही. रोलिंग मिलमध्ये भट्टीवर काम करणारा सर्जेराव तुला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्याच तासात तो एमआयडीसीच्या गेटसमोर, बाकावर, हेल्मेट उशाला घेऊन घोरत होता. मी रिक्षातून पाहिलं आणि पुढच्या रविवारी भर उपासनेत त्याचं नाव घेऊन बोललो. आजही बोलीन. शिस्त नसलेली श्रद्धा म्हणजे बिनबांधणीची विहीर. पहिल्याच पावसात ढासळते.

तर या वर्षीचा तक्ता मी दोन तारखेला उपासनेआधी बसून भरला. नेहमीची नावं, नेहमीचे तास, हात आपोआप चालला. पाळक प्रितम यांनी सूचनांच्या वेळी तो वाचला. एक ते दोन, अमका. दोन ते तीन, सौ. उषाबाई कचरू साळवे. आणि ते थांबले. पंखे तेवढे फिरत होते. तुझ्या वहिनीला जाऊन सात महिने झाले, आणि मी तिला भर उन्हातल्या त्याच तासाला पुन्हा बसवलं होतं. अकरा वर्षं तो तिने धरला, कारण त्या वेळी दुसरं कुणी जागं राहायला तयार नसायचं.

पाळकांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले की नाव बदलू या. मी ताडकन म्हणालो की साळव्यांचं नाव खोडलं जाणार नाही, तिच्या जागी मी बसेन. बोलून तर गेलो. पाच दिवस बसलो आहे. सत्यशीला, हे तुलाच सांगतो, मला प्रार्थना येत नाही. ती गेल्यापासून येत नाही. मंडळीपुढे तासभर बोलतो, शब्द हात जोडून रांगेत उभे असतात. तिच्या खुर्चीत बसलो की एक वाक्य जुळत नाही. भिंतीकडे बघतो, घड्याळाकडे बघतो. तीन वाजता सर्जेरावला मिस्ड कॉल देतो, कारण पुढचा तास त्याचाच आहे. जणू मी काही केलं आहे! हे ढोंग आहे, आणि ढोंगाविरुद्ध मी जन्मभर गर्जलो.

त्यात उत्तम शुक्रवारी प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी कुणी कशावर बोलायचं, त्याच्या चिठ्ठ्या निघाल्या. बावीस वर्षं मी हक्काने पहिला उद्गार मागून घ्यायचो, क्षमेचा. यंदा पाळकांनी सगळ्यांनाच चिठ्ठ्या उचलायला लावल्या आणि मला चौथा आला. देवाने आपल्याला का सोडलं, असं प्रभू वधस्तंभावरून विचारतो, तो. मला स्वतःलाच तेवढंच विचारायचं असताना मी लोकांना काय समजावू? तास सोडावा, चिठ्ठी परत द्यावी, की दोन्ही? मत कळव. लेक्चर नको, ते खातं माझं.

गुडघ्याला तेल चोळत जा. भावावरचा लोभ या उन्हाने आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा


परतूर,
१६ मार्च

ती. दादास,
सत्यशीलाचा ख्रिस्तात सलाम. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमनने विचारलं की बाई, अजून पत्र लिहिणारं कोण उरलं आहे. मी म्हटलं, आमचे जालन्याचे मास्तर. त्यांना श्रोता लागतो, आणि कागद उठून जात न्हाई.

वहिनीचं नाव वाचलं गेलं हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि भांडी घासून आले. मंग पुढे वाचलं.

दादा, मी सदतीस वर्षं नर्स होते. दुपारी दोनची गोळी दोनलाच द्यायची. आज तुझं मन लागतंय का, असं मला कुणी विचारलं न्हाई, आणि मायेने दिलेली गोळी जास्त लागू पडते असंही कधी दिसलं न्हाई. म्हणून म्हणते, बस. काही आलं न्हाई तरी बस. पण खरं सांगू? हे लिहिताना मीच अडखळले. पेशंट निदान समोर दिसायचा. तुझ्यासमोर तर भिंत आहे. तेव्हा मी बरोबर सांगतेय की नुसती नर्ससारखी दटावतेय, माझं मलाच कळत न्हाई.

एक मात्र पक्कं ठाऊक आहे. वहिनी रिकाम्या हाताने बसायची न्हाई. बियाणे कंपनीची एक जुनी निळी डायरी होती तिची. शिवणयंत्राच्या खणात बघ.

आणि सर्जेराव. बावीस वर्षं क्षमेवर बोलणाऱ्या माणसाने भट्टीपुढून आलेल्याला चारचौघांत झोपेवरून झोडपलं, याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. त्या प्रकरणात तुला एक गोष्ट माहीत न्हाई. ती मी सांगणार न्हाई, वहिनीला शब्द दिलाय. चिडू नकोस.

चिठ्ठी परत देऊ नकोस. ज्याला उत्तर येतं त्यानेच बोलायचं असा नियम असता, तर तू इतकी वर्षं काय केलं असतंस?

कूलरमध्ये पाणी भरत जा. बहिणीची आठवण फक्त मत मागण्यापुरती नसावी.

तुझी,
सत्यशीला


जालना,
२७ मार्च

चि. सत्यशीला हिस,
सलाम आणि आशीर्वाद. वि. वि.

डायरी सापडली. आता तर डोकंच चालेनासं झालं आहे.

पानापानावर नावं आहेत, आणि प्रत्येकापुढे काय मागायचं ते दोन शब्दांत. नळ आठव्या दिवशी तरी यावा. तुझा गुडघा. पाळकांच्या मुलीची दहावी. सर्जेराव, पायावरचा भाजल्याचा फोड. ज्याचं ऐकलं गेलं त्यापुढे बरोबरची खूण, ज्याचं नाही त्याचं नाव पुढच्या पानावर पुन्हा. मी देवाच्या दयेवर इतकी प्रवचनं दिली, पण मंडळीतल्या कुणाच्या पायाला फोड आहे हे मला माहीत नव्हतं.

आणि मी. प्रत्येक पानाच्या तळाशी मी आहे. यांना ऐकायला शिकव. एवढंच. अकरा वर्षं, एकाही पानावर खूण नाही.

तू हसशील म्हणून हे लिहिणार नव्हतो. हस. मला राग आला, मग रागाची लाज वाटली, मग पुन्हा राग आला. शेजारच्या खोलीत बसून ती देवाकडे माझी तक्रार करत होती आणि मी भिंतीपलीकडे शिस्तीवर टिपणं काढत होतो! मला का नाही सांगितलं?

आणखी एक कोडं. काही तारखांपुढे तिने नुसतं ३ ते ४ असं लिहिलं आहे. तिचा तास तर दोन ते तीन. दोन वर्षांपूर्वीच्या उपवासकाळात असं चारदा आहे. याचा अर्थ काय?

रोज बसतो, नावं वाचतो. पण ते तिचं मागणं, माझं नव्हे. मी फक्त वाचणारा. रविवारी पाळकांना सांगावं म्हणतो की नाव खोडा आणि चौथा उद्गार दुसऱ्याला द्या. खोट्याने चालवलेल्या तासापेक्षा रिकामा तास बरा, हे मी इतरांना सांगितलं असतं. मग स्वतःला का नाही?

गोंधळलेल्या भावावर लोभ ठेव.

दादा


परतूर,
१ एप्रिल

ती. दादास,
सलाम. वि. वि.

थोडक्यात लिहिते, तुझा भाचा हे पत्र टाकायला उभा आहे आणि त्याला जल्दी आहे.

हसले न्हाई. रडलेही न्हाई. वहिनीने तुला का सांगितलं न्हाई, हे मी एकदा तिला विचारलं होतं. ती म्हणाली की यांना सांगितलं तर हे ऐकणार नाहीत, त्यावर बोलतील.

सोडायचं तर सोड. तू माणूस आहेस, दगड न्हाई. पण पाळकांना सांगू नकोस. तुझ्यानंतर सर्जेराव बसतो, तो तुझ्या मिस्ड कॉलची वाट बघतो, तर त्याला सांग. स्वतः जाऊन, तोंडावर. आणि त्या ३ ते ४ चं त्यालाच विचार.

लोभ आहेच, तू मागितलास म्हणून वाढवत न्हाई.

सत्यशीला


जालना,
रविवार, ६ एप्रिल

चि. सत्यशीला हिस,
प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

मला जावं लागलं नाही. तोच आला.

गुरुवारी बेचाळीसच्या वर ऊन होतं. वीज गेली, कूलर बंद. डायरी मांडीवर घेतली, पाचसहा नावं वाचली आणि मी झोपलो. होय, मीच. जाग आली तेव्हा पावणेचार झाले होते. दाराबाहेरच्या पायरीवर सर्जेराव पाठमोरा बसलेला, शेजारी हेल्मेट, कामाचे बूट काढून ठेवलेले. तीनला माझा मिस्ड कॉल गेला नाही. त्याने दोनदा लावून पाहिला, मी उचलला नाही, म्हणून पाळी सुटल्याबरोबर मोटारसायकलवरून बघायला आला, म्हातारा पडलाबिडला की काय म्हणून. मी झोपलेला दिसलो, तर उठवलं नाही. तिथेच बसून आपला तास धरला.

माझ्या मनात काय आलं सांगू? आता हा मंडळीत सांगणार. मी त्याच्याशी जसा वागलो तसाच तो वागेल, हेच आधी आलं.

तो चारपर्यंत तसाच प्रार्थनेत बसून राहिला. मग पुढच्याला मिस्ड कॉल दिला, बूट चढवले आणि म्हणाला की मास्तर, साखळी तुटली न्हाई, काळजी करू नका, बाई पण माझ्यासाठी असंच करायच्या. मी विचारलं, कधी. तर म्हणाला की डबल ड्युटी झाली की त्याचा डोळा लागायचा. उलटा मिस्ड कॉल आला नाही की बाई समजायच्या आणि स्वतःच चारपर्यंत बसून राहायच्या. ज्या दिवशी मी त्याला बाकावर पाहिलं, त्या दिवशीसुद्धा. संध्याकाळी तो माफी मागायला घरी आला होता. मी बाजारात होतो. बाईंनी त्याला ताक दिलं आणि सांगितलं की यांना कळू देऊ नको, हे त्याचंही प्रवचन करतील.

म्हणजे साखळी तुटलेलीच नव्हती, सत्यशीला. माझ्याच घरात, माझ्याच बायकोने ती धरली होती, आणि मी साखळी तोडली म्हणून एका माणसाला सगळ्यांसमोर उभं केलं. त्याला एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं. तो शब्द पाळून मान खाली घालून उभा राहिला. त्यानंतरही दरवर्षी त्याने तोच तास मागून घेतला. शिस्त, ध्येय, धीर या विषयांवर माझ्याकडे चार वह्या भरून टिपणं आहेत. हा माणूस त्यात कुठेच नाही.

त्या रविवारी जेवणात मीठ नव्हतं. मी उषालाच विचारलं होतं की तुझं लक्ष कुठे आहे.

मी त्याची माफी मागितली. म्हणजे मागायला तोंड उघडलं, तेवढंच. तो म्हणाला की राहू द्या, उन्हाचं आत जा. मला हे काहीच उलगडत नाही. ती गप्प का राहिली? मला वाचवायला, की माझ्याकडून तिने आशाच सोडली होती? आशा सोडली असती तर अकरा वर्षं तीच ओळ कशाला लिहिली असती? तुला कळत असेल तर सांग. नसेल तर तसंही सांग.

नाव खोडलेलं नाही. बसतो आहे. चौथ्या उद्गाराचं अजून ठरत नाही.

तुझा लोभ आता खरंच लागतो आहे.

दादा


जालना,
शनिवार, १९ एप्रिल

चि. सत्यशीला हिस,
प्रभूमध्ये सलाम आणि आशीर्वाद. वि. वि.

तुझी चार ओळींची चिठ्ठी मिळाली. वहिनी का गप्प राहिली ते तुलाही कळत नाही, हे तू सरळ लिहिलंस. त्याचा आधार वाटला.

काल मी व्यासपीठावर चढलो. सात उद्गारांची उपासना बारा ते तीन चालते; आधीचे तिघे लांबले, चौथा यायला दोन वाजून गेले, म्हणजे तो उषाचाच तास. टिपण नेलं नव्हतं. सगळे सावरून बसले, माझा आवाज आता चढणार म्हणून. मी आधी सर्जेरावचं नाव घेतलं. तो दचकला, बिचारा! मी सांगितलं की दोन वर्षांपूर्वी इथूनच मी त्याच्यावर जो आरोप केला तो खोटा होता, साखळी तुटली नव्हती, ती कुणी धरली होती हे मला माझ्याच घरात दिसलं नाही, आणि गेल्या पंधरवड्यात झोपलो तो मी. पुढे म्हणालो की चौथ्या उद्गारात प्रश्न आहे आणि उत्तर मला ठाऊक नाही. पण विचारणाऱ्याने विचारलं, आणि तो वधस्तंभावरून खाली उतरला नाही. तेवढंच मला दिसतं. चार मिनिटांत उतरलो. पाळकांनी घड्याळ पाहिलं. पुढच्या वक्त्याची तयारीच नव्हती.

खाली आलो तो माझ्या नेहमीच्या पुढच्या बाकावर गेलो नाही. सर्जेरावशेजारी जागा होती, तिथे बसलो. डायरी खिशात होती. मनातल्या मनात नावं वाचली. प्रार्थना आली का, असं विचारशील. नाही आली. पण सर्जेरावच्या पायावरचा फोड बरा झाला का, असा प्रश्न मनात आला, आणि तो मी देवाला विचारला की सर्जेरावला, नक्की सांगता येणार नाही.

तीन वाजता सातवा उद्गार संपला आणि सगळे मौन धरून उभे राहिले. उत्तम शुक्रवारी साखळी उपासनेबरोबर तीनलाच संपते, पुढे कुणालाच मिस्ड कॉल द्यायचा नव्हता. पण चव्वेचाळीस दिवसांची सवय. तीन वाजलेले पाहिले आणि माझ्या अंगठ्याने खिशातल्या फोनचं बटण दाबलं. त्या शांततेत शेजारी सर्जेरावचा फोन खणखणला. उपासनेत फोन वाजला म्हणून मी किती जणांना बाहेर घालवलं आहे, तुला माहीत आहे. सगळी मंडळी वळून बघू लागली. सर्जेराव लाल झाला. त्याने फोन काढला, माझं नाव पाहिलं, कॉल कापला. आणि मग, सगळे बघत असताना, शांतपणे उलटा मिस्ड कॉल दिला. माझा खिसा वाजला.

उद्या सकाळच्या गाडीने तू येतेस. स्टेशनवर मी असेन. डायरीतल्या शेवटच्या पानावर, तळाच्या त्या ओळीपुढे खूण करायला काल पेन उघडलं होतं, पण ती मी करणं बरोबर नाही. दोन दिवस राहा, बोल, मी मध्ये बोललो तर मोजून ठेव, आणि जाताना काय ती खूण तूच कर. नसेल करावीशी वाटली तर ती जागा कोरी सोड. पुढच्या वर्षी दोन ते तीन मीच आहे.

लोभ धरून ये, आणि रिकामी पिशवी आण. शेजारच्यांनी कैऱ्या दिल्या आहेत.

तुझा,
दादा