किल्ली दिगंबरपंतांकडे

त्सुकुबा, जपान
९ नोव्हेंबर २०१४

प्रिय दिगंबरपंत,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण इथल्या थंडीत खाली वाकलेला म्हातारा पुन्हा वर येईल याची खात्री नसते, तेव्हा उभ्यानेच हात जोडले आहेत असं समजा. सुचेतावहिनींचे गुडघे काय म्हणतात? आणि तुमची साखर? (खरा आकडा कळवा. मागच्या वेळी फोनवर तुम्ही सांगितलात तो वहिनी जवळ असतानाचा होता.) मोबाइल असताना हा कागद का खरडतोय, असं तुम्हाला वाटेल. अहो, आपल्या त्या ग्रुपवर आमचे चिरंजीव शैलेंद्रही आहेत, आणि बापाचं सगळंच मुलाने वाचू नये.

आम्ही इथे मजेत आहोत. दोन वर्षं झाली, मजेतच आहोत. लता तर इतकी रुळली आहे की आसपासच्या बायकांना योगासनं शिकवते, सायकलवरून भाजी आणते आणि धरणीकंप झाला तरी तव्यावरची पोळी उलटायची थांबत नाही. मी मात्र जमीन जरा हलली की पासपोर्ट आणि कवळी घेऊन जिन्यात हजर. २०११च्या मोठ्या भूकंपात शैलेंद्र इथेच होता. तेव्हापासून त्याने घरातलं प्रत्येक कपाट भिंतीला स्क्रूने आवळून टाकलंय, आणि आता माझाही तोच बंदोबस्त करायचा त्याचा विचार दिसतो. "बाबा, म्हैसूरचं घर रिकामं ठेवून काय करायचंय? विकून टाकू. तुम्ही दोघं इथेच राहा." मुलगा इतक्या मायेने म्हणतो, तर नाही म्हणायला तोंड कुठून आणायचं? हो म्हणून बसलो.

खरी अडचण निराळीच आहे, पंत. इथे तक्रार करायला काही नाही! तुम्हाला ठाऊकच आहे, बँकेतून सुटल्यापासून सरस्वतीपुरमच्या आपल्या गल्लीचा कारभार मीच बघायचो. तुमच्या जांभळाची फांदी कोपऱ्यावरच्या दिव्यावर आपटायची, दिवा जायचा, मी अर्ज लिहून वॉर्ड ऑफिसात जायचो, तिथले साहेब बसवून घ्यायचे, कॉफी मागवायचे, माझं कन्नड ऐकून डोळे पुसेपर्यंत हसायचे. दिवा लागायचा. मग फांदी पुन्हा वाढायची (कारण तुम्ही ती कापू देत नाही). अकरा वर्षं हे सुरळीत चाललं होतं, आणि याला मी नागरी जीवन म्हणतो. इथे सहा महिने वणवण केल्यावर मला सायकलच्या वाटेवर एक मिचमिचणारा दिवा सापडला. काय आनंद झाला म्हणून सांगू! दोन दिवस खपून इंग्रजीत तीन पानी अर्ज लिहिला, 'यापूर्वीच्या पत्रव्यवहारास अनुसरून' अशी सुरुवात केली (पत्रव्यवहार नव्हता, पण त्याशिवाय अर्जाला वजन येत नाही). दुसऱ्या दिवशी दुपारी दिवा बदललेला आणि दारात दोन माणसं कमरेत वाकून माफी मागत उभी. मी म्हटलं, आत या, कॉफी घ्या. तर तीही नको. तीन मिनिटांत प्रकरण बंद. आता माणसाने पुढे दिवसभर करायचं काय?

मग मी येरझारा घालतो. खोलीची लांबी सात पावलं आहे, बाल्कनी धरून नऊ. इथे कचरा वेगवेगळा करून टाकावा लागतो, त्या पाच पिशव्या पुन्हा पुन्हा तपासतो. परवा सूनबाई विभाने प्लॅस्टिकची पिशवी माझ्या हातून हळूच काढून घेतली.

ही तगमग बघूनच शैलेंद्रने गेल्या रविवारी मला भाषणाला उभं केलं. इथल्या एका हौशी मंडळाला 'दक्षिण भारतातील एक शहर: इतिहास, कारभार आणि दैनंदिन जीवन' असा विषय हवा होता. मी बेचाळीस फुलस्केप भरले. महिषासुरापासून आरंभ, मग वडियार, मग टिपू, पुन्हा वडियार, मग दिवाण, जळालेला लाकडी राजवाडा, नवा बांधलेला राजवाडा, दसऱ्याचा हत्ती. सभागृह गच्च, पन्नास-साठ तरी माणसं असतील. दुभाषी आमची नात नुपूर, वय वर्षं बारा. दिवाणांची धरणं, वीज, रस्त्यांची रुंदी यांवर मी वीस मिनिटं बोललो. तिने एक वाक्य उच्चारलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय गं सांगितलंस, विचारलं, तर म्हणाली, "राजा चांगला होता." मग मी कागद बाजूला ठेवले आणि नुसताच बोलत सुटलो. देवराज मार्केटातला मोगरा, रविवारी संध्याकाळी राजवाड्याचे दिवे एकदम लागले की जन्मभर ते बघणारी माणसंही कशी 'आ' करतात, आपला कट्टा, तुमचं जांभूळ, तो कोपऱ्यावरचा दिवा. दिव्यावर मी फार वेळ बोललो, असं लताचं म्हणणं.

शेवटी प्रश्न विचारायला एन्दो-सान नावाच्या आजी उठल्या. त्या फुकुशिमाच्या किनाऱ्याकडच्या. अणुभट्टीचा अपघात झाला तेव्हा त्यांचं गाव रिकामं केलं, तेव्हापासून इथे एका फ्लॅटमध्ये राहतात. त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या घराची किल्ली कुणाकडे आहे?" म्हटलं, शेजारी दिगंबरपंतांकडे. या वेळी नुपूरने शब्दन् शब्द सांगितला. आजींनी पर्समधून घुंगरू लावलेली एक किल्ली काढली आणि सगळ्यांना दाखवली. घर उभं आहे, कौलंसुद्धा शाबूत आहेत, पण राहायला जाता येत नाही. किल्ली मात्र रोज बरोबर असते. "शेजारी असणं चांगलं," एवढं म्हणून त्या खाली बसल्या. पंत, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मनात आणलं तर उद्या जाता येईल असं घर मी केवळ भिडेपोटी विकायला काढलंय, हे त्या बाईंना सांगायची माझी छाती झाली नाही.

असो. पाल्हाळ फार झालं. वहिनींना नमस्कार, जांभळाला (माझा राग विसरून) एक बादली पाणी.

तुमचा,
नीलकंठ

ता. क. बंगळूरचे ते गृहस्थ, ज्यांनी फोटो बघूनच घर पसंत केलं, तीस तारखेला किल्ली मागायला येतील. देऊ नका. हरवली म्हणा, उंदराने नेली म्हणा, काय वाटेल ते सांगा.

ता. क. २. लताच्या कानावर हे जाऊ देऊ नका. तिचा जीव इथे रमलाय. तिला कसं सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

दिगंबर भावजी, पाकीट चिकटवायला डिंक सापडेना म्हणून ह्यांनी ते माझ्याच हातात दिलं, तेव्हा माझ्याही चार ओळी. सभेला अकरा माणसं होती, त्यात घरचे आम्ही तिघं. योगाच्या वर्गाला मी जाते, कारण घरात ह्यांच्या येरझारा बघवत नाहीत. मुलाजवळ राहायची हौस ह्यांना आहे, असं समजून मी दोन वर्षं गप्प होते. शैलेंद्रशी मी बोलते, आईचं तो ऐकतो. किल्ली हरवली असं मात्र सांगू नका, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. मागितली तर खुशाल द्या. तुमच्याकडची नुसती फाटकाची आहे. झाडांना पाणी घालायला तेवढीच लागते, म्हणून तुमच्या लक्षात आलं नसेल. दाराची निघतानाच मी जुडग्यातून काढून घेतली होती, ह्यांनाही न सांगता. एन्दो-सान आपली किल्ली दाखवत होत्या ना, तेव्हा माझा हात माझ्या पर्समध्येच होता.