तिसऱ्या पिस्टनची दुसरी रिंग

३ ऑक्टोबर

तीच गाडी. फाटकाशी वळायच्या आधी आवाजावरूनच ओळखली. मग ती सायीच्या रंगाची बोनेट दिसली आणि हातातला पाना हातातच राहिला.

चालवत आणणारे दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. पन्नास वर्षं जुनी गाडी हौसेनं घेतलीय. "ताई, इंजिन नव्यानं बांधलंय, पण तेल पिते. साडेतीनशे किलोमीटरला एक लिटर. विकणाऱ्यानं लपवलं नाही, सांगूनच दिली. तुम्ही जुनी इंजिनं करता असं कळलं म्हणून आलो."

हे इंजिन मीच बांधलं होतं, हे त्यांना सांगितलं नाही. विकणारा कोण तेही विचारलं नाही. माहीत नसायला काय झालं?

सतरा महिने वाट पाहिली. आता स्वतःच चालून दारात आली.

४ ऑक्टोबर

लिहूनच ठेवते, म्हणजे हात ढिला पडणार नाही.

उस्तादांच्या गॅरेजात एकवीस वर्षं. (इथे लिहितानासुद्धा 'अहो-जाहो' सुटत नाही, याचाही राग येतो.) ही त्यांच्या वडिलांची गाडी. इंजिन बांधायचं काम माझ्याकडे दिलं. बांधलं, आणि ते तेल प्यायला लागलं. मी म्हटलं, उघडून बघू द्या. तर चार गिऱ्हाइकं उभी असताना म्हणाले, "आता तू हात लावायचा नाहीस. तू इंजिन बांधलंस की तेलाचा घाणाच होतो. उद्यापासून धुलाई आणि ग्रीसचं बघ."

गिऱ्हाइकं हसली. मी पान्यांची पेटी उचलली आणि निघाले. तेव्हापासून भावाच्या घरामागच्या या शेडमध्ये.

उघडूच दिलं नाही म्हणून दोष कुणाचा ते कळलं नाही. आता कळेल. आणि कळलं की तिथे जाऊन, त्याच टेबलावर ठेवणार आहे. गिऱ्हाइकं असताना.

५ ऑक्टोबर

गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला होता. कोरडा ठणठणीत. म्हणजे गळत नाही, जळतंय.

७ ऑक्टोबर

डॉक्टर गाडीत, मी भावाच्या स्कूटरवर मागे. त्यांना सांगून ठेवलं होतं — उतारावर पाय काढा, खाली आलात की पुन्हा द्या. तेव्हा निळा भपका निघाला तर व्हॉल्व्हची सीलं. चढावर जोर देताना निघाला तर पिस्टनच्या रिंगा.

दोन्हीकडे निघाला. ताकास तूर लागू देत नाही. वर माझं तोंड काळं. वहिनी म्हणाली, "वन्सं, गाडी दुरुस्त करायला गेला होतात की धुराडं साफ करायला?"

खरं सांगायचं तर रिंगा निघाव्यात असं वाटतंय. व्हॉल्व्हचं सगळं काम माझ्या हातचं होतं. रिंगांमध्ये उस्तादांचाही हात होता. माझा भाऊ ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता, मी तीन दिवस सुट्टीवर. परत आले तर तिसरा आणि चौथा पिस्टन बसलेले होते.

८ ऑक्टोबर

चारही प्लग काढले. तीन बिस्किटाच्या रंगाचे, कोरडे. तिसरा काळा, ओला, तेलकट.

तिसरा. बघतच बसले.

९ ऑक्टोबर

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजला. चारही ठिकाणी सारखा! रिंग तुटली किंवा झिजली असती तर तिसऱ्याचा काटा खाली यायला हवा होता. आला नाही.

म्हणजे व्हॉल्व्ह. म्हणजे मी. जेवण गेलं नाही. वहिनीनं विचारलं तर तिच्यावरच खेकसले.

१२ ऑक्टोबर

तिसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हची सीलं बदलली. व्हॉल्व्ह त्याच्या नळीत, गाईडमध्ये, हलवून पाहिला, ढिला नाही. शंभर किलोमीटर फिरवून आणली. तसाच धूर. प्लग तसाच ओला.

माझे व्हॉल्व्ह नाहीत. आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१५ ऑक्टोबर

डॉक्टरांचा फोन. "घाई नाही ताई, पण पुढे काय?" म्हटलं, इंजिन पूर्ण उघडावं लागेल. "उघडा," म्हणाले, "दात काय आणि इंजिन काय, वरवर बघून कळत नाही." भला माणूस. माझ्या पोटात काय शिजतंय याचा पत्ता नाही त्यांना.

१८ ऑक्टोबर

सापडलं.

हेड उतरवलं. तीन पिस्टनच्या डोक्यांवर कोरडी काजळी, तिसऱ्याच्या कडा तेलानं धुतल्यासारख्या स्वच्छ. खालचं तेलाचं चेंबर काढलं, रॉड सोडवला आणि पिस्टन वरून बाहेर घेतला. सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडा नाही. रिंगांवर तडा नाही. मग दुसऱ्या रिंगेवर नख फिरवलं.

ठिपका खाली.

ही रिंग किंचित उतरती असते, वरची बाजू कळावी म्हणून तिच्यावर ठिपका कोरलेला असतो. ठिपका वर ठेवून बसवली तर तेल खाली खरवडते. उलटी बसवली तर तेच तेल घासाघासानं वर ढकलते. दाब मात्र बरोबर येतो, म्हणून काटा काही सांगत नाही. शिकाऊ माणसाची चूक. बाकी तिन्ही काढून पाहिले, बरोबर आहेत, चौथासुद्धा.

आणि हे मला कुणी शिकवलं होतं? माझ्या बोटांवर पाना आपटून — "ठिपका वर. झोपेतसुद्धा ठिपका वर."

फडक्यात गुंडाळून ठेवलाय पिस्टन. रिंग तशीच, उलटी. दर तासाला जाऊन बघून येते.

२१ ऑक्टोबर

जाऊन आले. मुद्दाम सकाळी अकराला, गर्दीच्या वेळी.

तीन गिऱ्हाइकं, गॅरेजातला जुना टर्नर लेथवर. टेबलाशी उस्तादांची बायको वही घेऊन बसलेली — पूर्वी कधी यायची नाही. फळीवरच्या डब्या-डब्यांवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. पुढच्या चाकाचे नट. मागच्या चाकाचे नट. मनात म्हटलं, आता बायको गॅरेज शिकवतेय वाटतं.

फडकं सोडून पिस्टन टेबलावर ठेवला. "तुमच्या वडिलांच्या गाडीचा. तिसरा. दुसऱ्या रिंगेचा ठिपका बघा."

त्यांनी चष्मा वर केला, नखानं ठिपका शोधला.

"खाली आहे."

"हो. आणि तेलाचा घाणा माझा."

"मी बसवला हा?"

"तुम्हीच. मी तीन दिवस नव्हते. भावाचं ऑपरेशन होतं."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती वहीत बघत होती. मग म्हणाले, "तू म्हणतेस तर मीच असणार." आणि गिऱ्हाइकांकडे वळून, मोठ्यानं — "हिचं काम चोख होतं. चूक माझी. हिला मी उगाच बोललो."

सतरा महिने हेच वाक्य मी त्यांच्या तोंडी घालून पाहत होते. घातलेलं बरं होतं की ऐकलेलं, विचार करायचा नाही. पिस्टन उचलला आणि आले. स्कूटरवर गाणं म्हणत आले.

२४ ऑक्टोबर

टर्नर येऊन गेला. बसलासुद्धा नाही.

"उस्तादांनी इंजिनचं काम सोडलं. मापाची हत्यारं पुसून कपाटात ठेवली, किल्ली बाईंकडे दिली. दोन वर्षं विसरायला होतंय त्यांना. मेंदूचे डॉक्टर सांगत होते, बाई सांगत होत्या, ऐकत नव्हते. तुझ्या रिंगेचं ऐकलं."

मी म्हटलं, "मग मी काय करू?"

"काही नको करूस," म्हणाला आणि गेला.

काही करणारही नाही. माझं चार लोकांत हसं केलं तेव्हा कुणी आलं होतं का विचारायला? विसरत होते तर तेव्हाच सांगायचं. माझं नाव घेताना बरं सगळं आठवत होतं.

२९ ऑक्टोबर

नवी रिंग घातली, ठिपका वर. तीनदा पाहिला. इंजिन बांधून डॉक्टरांना दिलं. चारशे किलोमीटर फिरवून ते आज आले. तेलाची पट्टी काढून पाहिली, पातळी जिथे होती तिथेच. मागे धुराचा लवलेश नाही. "ताई, तुमच्या हाताला तोड नाही," म्हणाले.

वहिनी म्हणाली, "मग आता तरी हसा की." हसले.

३० ऑक्टोबर

दिवसभर काम नव्हतं. म्हटलं, गेल्या वर्षीची वही काढून तो अपमानाचा दिवस पुन्हा वाचावा, आता गोड लागेल. पानं मागे गेली, फेब्रुवारी उघडला. माझंच अक्षर —

"११ फेब्रुवारी. उस्ताद लग्नाला गावी, परवा येणार. तिसरा आणि चौथा पिस्टन आजच बसवून टाकले, म्हणजे सुट्टी घ्यायला मोकळी. उद्या भावाचं ऑपरेशन. डोकं ठिकाणावर नाही."

३१ ऑक्टोबर

ती वही पिशवीत घातलीय. गॅरेज अकराला भरतं.