नवरीमागचा मामा

॥ श्री ॥

इंदापूर,
८ जानेवारी २०२५

चि. सोपान यास,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडं आम्ही खुशाल आहोत. तुझी खुशाली तुझ्या हातानं लिहून कळव. केंद्रात फोन जवळ ठेवू देत नाहीत, फक्त पत्रं चालतात, हे एका परीनं बरंच झालं. फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि मी एकटी बडबडत बसते. कागदावर हं हं करून भागायचं नाही.

एक तारखेला तुला जळोचीच्या त्या फाटकात सोडलं आणि गाडीत बसून मी इंदापूरपर्यंत रडले. तुझे दाजी बिचारे गाडी चालवत होते. भरतीच्या कागदावर सही माझी आहे, तेव्हा राग धरायचा तर माझ्यावर धर, प्रगतीवर नको. पिऊन गाडी चालवलीस, मागं बसलेल्या नऊ वर्षांच्या लेकीचा, राजलक्ष्मीचा हात मोडलास, तरी तुझी बायको अजून तुझ्या घरात आहे, हेच पुष्कळ समज. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि मी अकराची. तुला कडेवर घेऊन मी भाकऱ्या थापल्या त्या काही हे दिवस बघायला नाही.

सांगवीत सगळ्यांना मी सांगितलंय की तू आमच्याकडं इंदापूरला आहेस. डाळिंबाचा बहार धरलाय, घरचं माणूस हवं होतं, म्हणून तीन महिने ठेवून घेतलाय. प्रगतीला हे पटलं नाही. माणूस आजारी आहे तर आजारी आहे म्हणावं, असं तिचं म्हणणं. तिला काय जातंय म्हणायला? आमच्या संस्कृतीला बघायला पाहुणे यायचेत. नवरीचा मामा दारू सोडवायला ठेवलाय हे ऐकून कोण आमचा उंबरा चढेल?

दाजी उद्या बारामतीला बागेची औषधं आणायला येतायत. त्यांच्याबरोबर संक्रांतीच्या गुळाच्या पोळ्या देते. खा, आणि नव्वद दिवस मुकाट्यानं काढ. माझा जीव तिकडंच आहे.

तुझी,
अक्का

*

जळोची,
१७ जानेवारी २०२५

ती. स्व. अक्कास,
सोपानचा शि. सा. न. वि. वि.

पोळ्या पोचल्या, म्हणजे त्यांचा चुरा पोचला. फाटकावर प्रत्येक पोळी मोडून बघतात, कारण मागं कुणाच्या तरी आईनं भाकरीत तंबाखूची पुडी लाटून पाठवली होती. माझ्या शेजारच्या कॉटवर कऱ्हाटीचे झुंबर तात्या आहेत. ते तिसऱ्यांदा आलेत. हितं यायची वाट पाठ हाय, घरची तेवढी सारखी चुकती, असं म्हणतात. चुरा बघून म्हणाले, बहिणीनं मलिदा धाडलाय. मी तो बोटानं वेचून वेचून खाल्ला. तुझ्या हातचं मी कधी परत केलेलं नाही, अगदी तुझ्या सुरुवातीच्या करपलेल्या भाकऱ्यासुद्धा.

पहिले पाच दिवस मला पेला धरवत नव्हता. भिंतीवर मुंग्या दिसायच्या आणि मी त्या झाडत बसायचो. मुंग्या नव्हत्याच. आता हात थांबलेत, अक्षरावरून तुला कळेलच. सकाळी आवार झाडायचं, मग व्यायाम, मग गोळ्या. संध्याकाळी सगळ्यांनी गोल बसायचं आणि एकेकानं स्वतःचं खरं सांगायचं. सौरभ सर म्हणून समुपदेशक आहेत. ते कुणाला रागावत नाहीत, नुसतं पुढं काय झालं विचारतात. त्यापेक्षा रागावलेले परवडले.

काल माझी पाळी होती. गाडी घसरल्यावर राजलक्ष्मी रडली नव्हती, अक्का. मी रस्त्यात पडलो होतो आणि ती मला उठवत होती, त्याच मोडलेल्या हातानं. हे मी तुलाही सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर रात्री मला बऱ्याच महिन्यांनी गोळीवाचून झोप लागली.

प्रगतीला दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. तिच्याकडं माझी बाजू मांडू नकोस, माझी काही बाजू नाही. दाजींना नमस्कार, संस्कृतीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
सोपान

*

॥ श्री ॥

इंदापूर,
३१ जानेवारी २०२५

चि. सोपान यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तोंड गोड कर, संस्कृतीचं ठरलं! मुलगा भिगवणचा, बँकेत आहे, एकुलता एक. नवऱ्या मुलाचे आजोबा अंथरुणाला खिळलेत, त्यांच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून घाई चाललीय. तेवीस फेब्रुवारी, रविवार, दुपारी साडेबाराचा मुहूर्त, आमच्याच दारात मांडव. घरात पाय ठेवायला जागा नाही आणि मला धड जेवायला वेळ नाही.

आता तू तीन दिवस यायचंस. आपल्यात लग्न लागताना नवरीच्या मागं मामा उभा लागतो, हे मी तुला सांगायला नको. तूच तिला हाताला धरून मांडवात आणायचंस. संस्कृती कालपासून मामाचा फेटा कुठल्या रंगाचा म्हणून माझ्या मागं लागलीय. मी म्हटलं, गुलाबी घे, तो आता माणसात आलाय, त्याला शोभेल.

तुमच्या सरांना विचारून ठेव. लग्नाला कोण नाही म्हणतं? प्रगतीलाही मी फोन केला होता. तिनं तारीख ऐकली आणि ठेवून दिला. असो. माया असू दे.

तुझी,
अक्का

*

जळोची,
७ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. संस्कृतीचं ठरलं म्हणून संध्याकाळी गोलात सगळ्यांना सांगितलं, तर तात्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या. पोरगी माझ्या अंगाखांद्यावर वाढली. आनंद झाला, खरंच झाला.

पण अक्का, मला बोलावू नकोस. साठ दिवस पुरे होईपर्यंत इथून कुणाला बाहेर सोडत नाहीत. भरतीच्या कागदावर ज्याची सही तो स्वतःच्या जबाबदारीवर नेऊ शकतो, पण सर म्हणतात की तसे नेलेले बहुतेक महिन्याच्या आत परत येतात, नाहीतर येतच नाहीत. सरांचं राहू दे, मी माझंच सांगतो. परवा इथं रंगारी आले होते. त्यांच्या डब्यातल्या टर्पेंटाइनचा वास आला आणि माझी जीभ कोरडी पडली. नुसत्या वासानं. तुझ्या मांडवामागं नवरदेवाचे मित्र असतील, गाड्यांच्या डिक्या उघडतील, ते तुला थांबवता येणार नाही.

दत्तोबा आपला सख्खा चुलतभाऊ आहे, संस्कृती त्यालाही मामाच म्हणते. त्याला उभा कर. कुणी विचारलं तर खरं सांग, मला त्याची लाज वाटणार नाही, जी होती ती पहिल्या पाच दिवसांत गेली. तू बोलावलंस तर मला नाही म्हणता यायचं नाही. म्हणूनच बोलावू नकोस म्हणतोय.

रागावू नकोस. तुझा लोभ हाच माझा आधार आहे.

तुझा,
सोपान

*

॥ श्री ॥

इंदापूर,
१३ फेब्रुवारी २०२५

चि. सोपान यास,
आशीर्वाद.

तुझं शहाणपण पोचलं. दत्तोबाला उभा कर म्हणे! सख्खा भाऊ जिवंत असताना मी चुलत्याच्या पोराला उभा करू? आणि लोकांना काय सांगू? अख्ख्या सांगवीला मी सांगून ठेवलंय की तू माझ्याकडं आहेस, माझ्या बागेत. गावचं सगळं वऱ्हाड इथं येणार. माझ्या घरात राहणारा माणूस माझ्याच दारातल्या लग्नाला कसा नाही, याचं उत्तर तूच लिहून पाठव, मी ते पाठ करते. भिगवणच्या विहीणबाईंनी परवाच हसत हसत विचारलं की नवरीचे मामा काही अजून दिसले नाहीत.

आई गेल्यावर तुझ्यासाठी मी शाळा सोडली. ते कधी बोलून दाखवलं नाही, आज दाखवते. एवढ्या वर्षांत मी तुझ्याकडं काय मागितलं? साडी? चोळी? भर दुपारी अर्धा तास माझ्या लेकीच्या मागं उभं राहायला सांगतेय.

भरतीला सही माझी होती, सोडवायलाही माझीच चालते. एकवीस तारखेला सकाळी दाजी आणि मी गाडी घेऊन येतोय. चोवीसला परत आणून सोडेन. मी तुझ्याजवळून हलणार नाही, माझ्या घरात तुझ्या ओठाला कुणी थेंब लावणार नाही, हा माझा शब्द. तुझ्यापेक्षा माझा जीव जास्त तुटतोय, हे ध्यानात ठेव.

तुझी,
अक्का

*

॥ श्री ॥

इंदापूर,
३ मार्च २०२५

चि. सौ. प्रगतीस,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद हातात घेतला. लग्नाला मामीच आली नाही, यावरून चार बायका बोलल्या. मी सांभाळून घेतलं. कार्य छान पार पडलं. सोपान गुलाबी फेटा बांधून असा ताठ उभा होता की मला आईची आठवण झाली. फोटोत बघशीलच.

पुढचं तुला कळलंच असेल. नवरदेवाच्या मित्रांनी आग्रह केला आणि ह्याला नाही म्हणवलं नाही. मी तरी कुठं कुठं पुरी पडू? पाहुण्यांत होते. चोवीसला त्याला सोडायला निघालो, तर हा घरातून आधीच निघून गेला होता. सांगवीला आलाय हे दत्तोबाकडून समजलं.

जे झालं ते झालं. तू आता त्याला परत केंद्रात सोड. होळीच्या पुरणपोळ्या मी तिकडंच पाठवून देते, त्याला आवडतात. राजलक्ष्मीला पापा. माझ्याविषयी मनात काही धरू नकोस, माया असू दे.

तुझी,
राजेश्वरी

*

सांगवी,
१५ मार्च २०२५

ती. स्व. वन्सं,
प्रगतीचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. फोन मी बंद ठेवलाय, तुमच्यापुरता. हे पत्र दत्तोबाभावजी घेऊन येतायत.

नवरदेवाच्या मित्रांनी पाजली, असं तुम्ही लिहिलंय. वन्सं, संस्कृतीनं मला सासरहून फोन केला होता. तिला बोलता येत नव्हतं इतकी रडत होती. लग्नाच्या दिवशी सकाळी हे पिशवी घेऊन एस. टी. स्टँडकडं निघाले होते. मांडवात वास येतोय, मला आत्ताच्या आत्ता जळोचीला जाऊ द्या, असं म्हणत होते. तुम्ही त्यांना कोठीच्या खोलीत नेलंत. दाजींची बाटली काढून तुम्ही स्वतः पेला भरलात. एवढी घे, मन घट्ट होईल, अक्षता पडेपर्यंत उभा राहा आणि मग खुशाल जा, असं तुम्ही म्हणालात. दारात तुमची लेक मुंडावळ्या बांधून उभी होती. तिनं सगळं ऐकलं, आणि नंतर त्याच मामाच्या हाताला धरून ती मांडवात आली. तुमचा फोटो मी बघितला. ताठ उभे आहेत, खरं आहे.

मी यांना दवाखान्यात विचारलं की समजत होतं तर घेतली कशाला. ते म्हणाले की पेला अक्काच्या हातात होता.

दवाखाना म्हटलं ते तुम्हाला माहीत नसेल. सव्वीसला घरी आले ते थांबलेच नाहीत. चार मार्चला रक्ताची उलटी झाली. आठ दिवस बारामतीला होते, त्यातले तीन दिवस मला ओळखत नव्हते. परवा होळीच्या दिवशी मी त्यांना परत जळोचीला भरती केलं. सौरभ सरांनी कागदावर पहिला दिवस असं लिहिलं. झुंबर तात्यांनी शेजारची कॉट झटकून दिली.

त्यांच्या दोन पत्रांना मी उत्तर दिलं नाही, असं तुम्हाला वाटत असेल. उत्तर मी लिहून ठेवलं होतं. साठाव्या दिवशी घरच्यांना भेटू देतात. त्या दिवशी राजलक्ष्मीला घेऊन जायचं आणि पत्र हातात द्यायचं, असं ठरवलं होतं. पोरगी तयार झाली होती. पप्पा बरे झाले तर मी त्यांच्या गाडीवर परत बसेन, पण त्यांनी हळू चालवायची, असं स्वतःच्या तोंडानं म्हणाली होती. साठावा दिवस एक मार्चला होता. तुम्ही त्यांना बावन्नाव्या दिवशी उचललंत. एक तारखेला ते आमच्या दारात आडवे पडले होते आणि पोरीनं आतून कडी घातली होती. आता ती त्यांचं नाव काढत नाही. उत्तर माझ्याजवळच आहे. ते आता खरं राहिलेलं नाही.

सांगवीत मी सगळ्यांना सांगून टाकलं की माणूस डाळिंबाच्या बागेत नव्हता, दारू सोडायला गेला होता आणि आता परत गेलाय. पहिल्या दिवशी बायका माझ्याकडं बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या बनाबाई आल्या आणि आपल्या थोरल्यासाठी केंद्राचा पत्ता लिहून घेऊन गेल्या. एवढंच झालं, वन्सं. एवढंच होणार होतं. त्यासाठी तुम्ही तो पेला भरलात.

तुम्ही त्यांना वाढवलंत, शाळा सोडलीत, हे मी विसरलेले नाही. तुमच्याइतका जीव त्यांच्यावर कुणी लावला नाही, हेही खरं आहे. म्हणूनच मला तुमची भीती वाटते. या खेपेला सही माझी आहे. भेटायला कोण कोण येणार त्या रकान्यात मी माझं आणि राजलक्ष्मीचं नाव लिहिलंय, तिसरं लिहिलेलं नाही.

पुरणपोळ्यांचा तुमचा डबा काल फाटकावर आला होता. तो मी तिथूनच घेतला आणि भावजींबरोबर परत पाठवतेय, उघडलेला नाही. तुमच्या हातचं त्यांना परत करता येत नाही. इथून पुढं ते काम मी करेन.

कळावे,
प्रगती