दोन छपरांमधली फट

मी, खाली सही करणारी, या शेतावरच जन्मलेली आणि इथून हलायला तयार नसलेली म्हातारी, पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला आहे. याबाबत धाकट्या भावाचे मत विचारू नये.

१. गोठा. तो आजोबा आणि त्यांच्या थोरल्या भावाने दोन टोकांकडून बांधत आणला. उंची आठ हात ठरली होती. दोघांनी आपापल्या हाताने मोजले, आणि थोरल्यांचे हात लांब होते. मधोमध गाठ पडली तेव्हा एक छप्पर वर, एक खाली. माघार कोणीच घेईना, म्हणून फट तशीच राहिली. पाकोळ्या तिथूनच ये-जा करतात आणि आत आढ्याला घरटी बांधतात. वाटणीत उंच बाजू धाकट्याला आली, बुटकी मला. माझी बाजू मी त्याच्या मुलीला, माझ्या लाडक्या पुतणीला देते. बँकेतली शिल्लक तिने कौलांवर खुशाल उधळावी, पण फट बुजवायची नाही.

२. कोंबड्यांचे खुराडे. ही पूर्वी आमची न्हाणी होती, म्हणून कडी आतून आहे. कोंबड्या ती लावत नाहीत. हेही पुतणीला.

३. अवजारे सुताराला. शेजाऱ्याने नेलेला घण शेजाऱ्यालाच दिला आहे. मात्र त्याने तो आधी परत आणावा, मग न्यावा.

४. धाकटा भाऊ. तो फटीवर पत्रा ठोकायला चढणार होता, म्हणून मी त्याची शिडी जप्त केली. तेव्हापासून त्याने अबोला धरला आहे. मला काही ऐकवायचे असले की गायीला सांगतो, "बघ गं, काही लोकांना पाऊस घरात लागतो!" त्याला मी काहीही ठेवत नाही, खिळासुद्धा नाही. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. आणि साक्षीला मला तोच हवा आहे. मला लहानपणापासून ओळखणारा तेवढाच उरलाय. तो गोठ्यापलीकडेच राहतो, तरी मला त्याची फार आठवण येते.

सही: थोरली बहीण

साक्षीदार:
१. गुरांचे डॉक्टर (सही)
२. धाकटा भाऊ (सही). सगळे वाचून गायीला म्हणाला, "बघितलंस? मला खिळासुद्धा नाही!" मग माझ्याकडे वळला. "ताई, शिडी आण. घरट्यांखाली फळी ठोकतो, सगळी घाण वैरणीवर पडतेय."

स्थळ: गोठा, फटीच्या बरोबर खाली.
दिनांक: शिडी परत दिली तो.