हिरवी रंगवलेली नदी

मंगळवार, १४ ऑक्टोबर. नेपरव्हिल

मैत्रिणीची चूक सापडल्यावर आनंद का व्हावा? मला खरंच सांगता येत नाही. पण झाला.

जर्मनीतल्या नदी-कार्यालयात सहा महिने काम करायला आमच्या विभागातून एकीलाच पाठवणार आहेत. सायलीने लगेच अर्ज लिहिला. आज ट्रेनमध्ये म्हणाली, "अगं, एकदा चेक कर ना. युरोपचे रूल्स तुलाच पाठ आहेत, यार." मी अर्ज केलाय का, हे विचारलंसुद्धा नाही! केला नव्हताच म्हणा. तिचे आजोबा इंजिनिअर, बाबा प्राध्यापक. तिला मागायची सवय आहे. आमच्या घरात पदवी पहिली माझीच. कुणी बोलावल्याशिवाय मी आत जात नाही.

तिने अर्जासोबतच्या नकाशावर इथली नदी हिरवी रंगवलीय, म्हणजे चांगली. पाणी, वनस्पती, मासे, सगळ्यांच्या गुणांची सरासरी काढून. युरोपात सरासरी चालत नाही. सगळ्यात कमी गुण ज्याला, तेच गुण नदीचे. मासे जेमतेम उरलेत, म्हणजे नदी नारिंगी, खराब. ही हिरवी नदी बघितली की तिचा अर्ज बादच. मी गप्प बसले तर कुणाला कळेल? पण तिचा बाद होऊन मला काय मिळणार, माझा तर अर्जच नाही...

फोन करून तिला सगळं सांगितलं.

"बापरे, वाचवलंस गं!"

"आणि ऐक, मीपण अर्ज करतेय."

"मग माझं काही खरं नाही," ती म्हणाली आणि हसली.

जेवायच्या आधी माझा अर्ज पाठवून टाकला.