मोबाइल टोपलीत ठेवा

फोबोर्ग, ३ जून
आजपासून फिल्म. डिजिटल बंद. जुन्या बाजारातून कॅमेरा आणला. चांगला वजनदार आहे, गळ्यात घातला की माणूस विचारी दिसतो (आरशात पाहिलं). विकणारी बाई फिल्म कशी भरायची ते दाखवत होती. म्हटलं, येतं मला.

७ जून
तेराला सासूसासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं. इथल्या रीतीप्रमाणे आदल्या संध्याकाळी शेजारी त्यांच्या दाराला हिरव्या डहाळ्यांची कमान बांधतील, सकाळी आम्ही सगळे दाराशी गाऊ आणि दोघं झोपेच्या कपड्यांतच दार उघडतील. फोटो मी काढणार, असं जेवताना जाहीर केलं. बिरगिट म्हणाली, जोडीला कुणीतरी मोबाइलवर काढू दे. एवढी वर्षं संसार केला, पण बायकोचा विश्वास नाही. सासूबाई म्हणाल्या, दार उघडताना एगोनचं (म्हणजे सासऱ्यांचं) तोंड कसं होतं तेवढं टीप बाबा. मी त्यांच्या मागे असणार, मला दिसायचं नाही, म्हणाल्या.

१३ जून
सगळ्यांचे मोबाइल पावाच्या टोपलीत जमा करायला लावले. शेजारचा फ्लेमिंग म्हणाला, साहेब, विमानतळावरच्यासारखा पट्टाही काढू का? कलेची कदर नाही. गाणं झालं, दार उघडलं, सगळे रडले. मी नाही, मी कामात होतो. रोल छत्तीस फोटोंचा, पण त्यानंतरही निघतच राहिले. जुनी यंत्रं दिलदार असतात. मग कॉफी, गरम बन आणि कडू दारूचा एकेक पेला. मी दोन घेतले, ताण होता.

१४ जून
रोल गुंडाळायला एकच फेरा लागला. हाताला वळण असलं की होतं. धुणारही मीच. आमच्या बाथरूमला खिडकी नाही, म्हणजे डार्करूम तयारच.

१५ जून, बाथरूममधून
अंधारात लिहितोय, ओळी एकमेकींवर चढत असतील. डबीतून फिल्म काढली, पण धुण्यासाठी जिच्यावर गुंडाळायची त्या चकरीवर जाईना. घालतो तेवढी परत बाहेर येते. दार उघडलं तर उजेड येणार, उजेड आला की पन्नास वर्षं खलास. बाहेर सासूसासरे फोटो बघायला येऊन बसलेत. बिरगिट दार ठोकतेय, म्हणते बाबांना जायचंय, आता तरी नीघ. म्हटलं, निघता येत नाही. एगोन म्हणाले, राहू दे, मी झाडामागे जाऊन येतो. फार समजूतदार माणूस. घामाने हात बुळबुळीत झालेत. खरं सांगायचं तर रडू येतंय. पुन्हा सुरुवातीपासून.

संध्याकाळी
एकदाची चढली. धुतली. काठावरचे आकडे सुरेख उमटलेत. मधे काही नाही. फ्लेमिंग म्हणाला, अरे, तू फिल्मचं टोक आत अडकवलंच नव्हतंस, ती जागची हललीच नाही. त्याच्या वडिलांकडे असा कॅमेरा होता म्हणे. असेल.

१६ जून
सासूबाईंकडे गेलो. वाटेत सबबी जुळवल्या होत्या: पाणी, हवामान, कॅमेऱ्याचा जुना मालक. एकही चालवता आली नाही. त्या रागावल्याच नाहीत. जवळ बसवून घेतलं, बन पुढे केला. म्हणाल्या, फोटोचं जाऊ दे रे. तू तर सगळा वेळ त्यांच्याकडेच बघत होतास. मग तूच सांग ना, दार उघडलं तेव्हा एगोनचं तोंड कसं होतं?

खूप आठवून पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हटलं, उजेड कमी होता.